जागा सोडणारे अण्णा

कोल्हापुरात त्या काळी टायपिस्ट पुष्कळ होते, पण तुमचं वाक्य पटलं नाही म्हणून ते टाइप न करणारा टायपिस्ट एकच होता. आनंदराव कांबळे. सगळं कॉलेज त्यांना अण्णा म्हणायचं.

अण्णा वाक्य खोडत नसत. बदलत तर मुळीच नसत. ते जागा सोडत. तुमचं वाक्य दोन ओळींचं असेल तर दोन ओळी, दीड ओळीचं असेल तर दीड. पान हातात आलं की मजकुराच्या मधेच ही पांढरी पट्टी दिसायची. काय राहिलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं.

"पटलं न्हाय. जागा सोडलीया. खरं गावलं की घिऊन या. फकस्त तेवढ्यात बसवून आणा."

ही शेवटची अट फार जाचक होती. खरं शोधून काढणं एक वेळ जमतं, पण ते दीड ओळीत बसवायचं म्हणजे घाम फुटतो. अण्णा पेन्सिलीनं एकेक अक्षर मोजत. एक अक्षर जास्त झालं तर कागद परत मिळायचा. त्यांची जागा अर्ध्या अक्षरानंही कधी चुकली नाही, ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो.

बिंदू चौकातून आत वळलं की एका बोळात त्यांची खोली होती. मराठीचं एक मशीन, इंग्रजीचं एक मशीन, गिऱ्हाइकांना बसायला बाकडं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी कॅलेंडर. लोकांच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहिलेले असतात, अण्णांच्या कॅलेंडरवर पोरांची प्रकरणं लिहिलेली असत. 'शिंदे, प्र. २.' 'पाटलाची मुलगी, तक्ते.' एम.ए.च्या लघुप्रबंधाला सहामाहीभराची मुदत असायची आणि आम्ही सगळे तो शेवटच्या आठवड्यात लिहायच्या तयारीचे गडी. पण अण्णा एका दमात अख्खा प्रबंध घेतच नसत. पंधरा दिवसाला एक प्रकरण. निष्कर्ष घेऊन आधी आलात तर तोंडसुद्धा बघायचे नाहीत. "भाकरी थापायच्या आदी शेकाय निगालाय," म्हणून बाहेर काढायचे.

माणूस किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. जन्मभर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे मशीन बंद असतानाही ते ओरडूनच बोलत. त्यांच्या त्या मराठी मशीनचा 'क' ओळीतून थोडा वर उडायचा. दुरुस्त का करून घेत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "सगळी खाली मान घालून चालल्यात. एकानं मान वर केली तर बिघडलं कुटं?"

त्यांच्या जागांच्या दंतकथा होत्या. आमच्या पुढच्या वर्गातल्या एकानं आपल्या गावाचा अभ्यास केला होता आणि लिहिलं होतं, 'गावातील सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात.' अण्णांनी एक ओळ सोडली. पोरगा चिडला. म्हणाला, "अण्णा, माझं गाव आहे, मला माहीत नाही?" अण्णा म्हणाले, "मग पावणं, तुमच्या गावात मेल्यावर सगळी एकाच ठिकाणी जळत्यात व्हय?" पोरगा कागद घेऊन गेला. आठ दिवसांनी आला आणि त्या एका ओळीत बसेल असं वाक्य देऊन गेला. 'गावात दोन स्मशाने आहेत.' अण्णांनी काही न बोलता ते टाइप केलं. नुसतं 'पटलं' असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. पटलं की ते टाइप करत, विषय संपला.

एक प्राध्यापक पीएच.डी.चं पहिलं प्रकरण घेऊन स्कूटरवरून आले होते. पहिल्याच पानावर तीन ओळींची पट्टी बघून ते इतके भडकले, की कागद घेऊन तडक स्टँडजवळच्या दुसऱ्या टायपिस्टाकडे गेले. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमक्या त्याच तीन ओळींवर बोट ठेवलं म्हणतात. खरंखोटं माहीत नाही, पण तेव्हापासून मुलं मार्गदर्शकापेक्षा अण्णांना जास्त भ्यायला लागली.

माझी त्यांची गाठ पडली ती शहाण्णवच्या दिवाळीनंतर. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. विषय घेतला होता 'राधानगरी तालुक्यातील एका गावातील महिलांचा दूध व्यवसाय'. मार्चच्या मध्यापर्यंत प्रबंध दिला नाही तर वर्ष जाणार होतं. आणि वर्ष गेलं असतं तर एका कॉलेजात जूनपासून तासिकेवर शिकवायचं जे काम मला कबूल झालं होतं, तेही जाणार होतं. घरात मी पहिलाच एम.ए. होणार होतो, त्यामुळे वडिलांनी ती नोकरी लागल्याचं निम्म्या पेठेला आधीच सांगून टाकलं होतं.

पहिलं प्रकरण घेऊन गेलो. पहिलं वाक्य होतं, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.' अण्णा पुढचं न वाचताच म्हणाले, "हे वाक्य मी इतक्यांदा मारलंय की बोटं झोपंत बी मारत्यात. खरं हाय. पर तुझं न्हाय. दुसरं आण." आणि एक ओळ सोडली. ती मी भरून आणली. दुसरं प्रकरणही डिसेंबरात सरळ पार पडलं. आमचे मार्गदर्शक सर सज्जन होते, वाचत नसत एवढंच. सही करताना ते माझ्याशी क्रिकेटवर बोलले. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली.

तिसरं प्रकरण म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. पन्नास बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. मी एसटीनं त्या गावाला एकदा गेलो, बारा बायकांना भेटलो, एका कुत्र्यानं पँट फाडली आणि मी परत आलो. उरलेल्या अडतीस प्रश्नावल्या मी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून दोन संध्याकाळींत भरल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी रंकाळ्यावरून म्हशी हाकत होतो. काम मात्र झोकात केलं. तीन रंगांच्या शाया वापरल्या. काही डाव्या हातानं लिहिल्या. एकीवर हळदीचा अंगठा उमटवला, तो बघून तर मला स्वतःचाच अभिमान वाटला.

जानेवारीत प्रकरण अण्णांच्या हातात दिलं. दोन दिवसांनी पानं घ्यायला गेलो तर तक्त्याच्या खाली अडीच ओळींची पांढरी पट्टी.

माझं वाक्य असं होतं, 'एकच म्हैस असलेल्या कुटुंबांतील महिलाही वर्षाचे बाराही महिने नियमितपणे दूध संस्थेला दूध घालतात, यावरून या व्यवसायाची स्थिरता दिसून येते.' मला ते फार आवडलं होतं. 'स्थिरता' हा शब्द तर मी मुद्दाम शोधून घातला होता.

"अण्णा, हे का सोडलं?"

"ही म्हस कुटली?"

"म्हणजे?"

"पत्ता दे तिचा. मी जाऊन बघून येतो. हार घालतो."

बाकड्यावर आणखी दोघं बसले होते, ते हसायला लागले. माझ्या लक्षात काहीच येईना.

"बारा म्हैने दूध देती व्हय? मग गाभण ऱ्हाती कवा आन् आटती कवा?"

आता इथं मला एक कबुली दिली पाहिजे. म्हैस आटते, मधले काही महिने ती दूध देत नाही, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. मी पेठेत वाढलेला. आमच्याकडे संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि आपण ग्लास हातात धरून तिथंच फेसाळ दूध पितो. लहानपणापासून मी रोज ते दूध प्यायलो. कट्ट्यावरची प्रत्येक म्हैस मी दूध देतानाच बघितली होती. आटलेली म्हैस कट्ट्यावर कोण कशाला आणील, हा विचार वीस-बावीस वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. म्हशींच्या गावात जन्मून, म्हशींवर प्रबंध लिहिताना, एवढं घोर अज्ञान फक्त कोल्हापूरच्या माणसालाच परवडतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे खरं उत्तर माझ्या खिशातच होतं. ज्या बारा बायकांना मी भेटलो होतो त्यांनी सात महिने, आठ महिने, नऊ महिने अशीच उत्तरं दिली होती. मला वाटलं, बायका विसराळू. म्हणून मी ती खोडून सगळीकडे बारा केले होते.

पण हे सगळं त्या क्षणी कबूल करायचं वय नव्हतं. चारचौघांत हसं झालं होतं. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही टायपिस्ट आहात. दिलंय ते टाइप करा. संशोधन मी करतोय."

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"व्हय," ते म्हणाले. ओरडून नाही, हळू. "संशोधन तू करतोयस. म्हणून तर तुझी जागा सोडलीया. मी भरली न्हाय."

दुसऱ्या टायपिस्टाकडे जायचंही मी मनात आणलं. पण दोन प्रकरणांत शेकडो 'क' मान वर करून उभे होते. तिसऱ्यात ते एकदम शहाण्यासारखे ओळीत बसले असते तर न वाचणाऱ्या आमच्या सरांनाही दिसलं असतं. मुकाट्यानं उठलो. दारातून बाहेर पडताना अण्णांनी हाक मारली.

"सुहास, जाशील तवा आणि एक इचार. म्हस आटली की घरात काय करता, म्हणावं."

फेब्रुवारीत मी पहाटेची एसटी धरून पाच-सहा वेळा त्या गावाला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मी अजून 'बारा म्हैन्यांचा पावणा' म्हणूनच ओळखला जातो. पहिल्याच घरात मी खोडलेलं उत्तर परत विचारायला गेलो आणि भाबडेपणानं खरी गोष्ट सांगून बसलो. ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "आरं लेकरा, म्हस हाय ती. नळ न्हवं." माझ्या आधी ही बातमी पुढच्या आळीत पोचायची. बायका मुद्दाम बोलावून घ्यायच्या, चहा पाजायच्या आणि आपल्या गोठ्यातली आटलेली म्हैस दाखवायच्या. मी आयुष्यात पहिल्यांदा आटलेली म्हैस नीट बघितली. ती दिसायला अगदी दुसऱ्या म्हशीसारखीच होती.

अण्णांचा प्रश्न मी सगळीकडे विचारला. म्हैस आटली की काय करता? कुणी म्हणे, कोरा चहा पितो. कुणी रोजगाराला जायची. हौसाबाई नावाची एक बाई मात्र शेणी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "थोरलीला शाळंतनं काढली. म्हस याली, दूध सुरू झालं की परत घालूया, म्हटलं. म्हस चार म्हैन्यांनी याली. पोरगी काय परत गेली न्हाय." मग तिनं खाली बघून पुढची शेणी थापली.

पन्नास बायका काही होईनात, एक्केचाळीस झाल्या. मार्च लागला होता. अण्णांना म्हटलं, "नऊ कमी पडतात, काय करू?" म्हणाले, "एक्केचाळीस लिव. एक्केचाळीस काय कमी बायका हायत?" त्यांनी कुरकुर न करता अख्खा तक्ता परत टाइप केला.

त्या अडीच ओळींसाठी मी चार दिवस अक्षरं मोजत बसलो. शेवटी वाक्य असं झालं, 'एकच म्हैस असलेल्या घरात दूध सात ते नऊ महिनेच असते. म्हैस आटली की कोऱ्या चहावर भागते आणि कधी मुलीची शाळा सुटते, ती कायमची.' अण्णांनी पेन्सिलीनं मोजलं. बसत होतं.

भरलेल्या पानात मागाहून मजकूर घालणं फार किचकट काम असतं. कार्बन लावून चालत नाही. मूळ पान आणि तिन्ही प्रती एकेक करून मशीनला लावायच्या, ओळ केसभर इकडची तिकडे न होता जुळवायची. अण्णांनी पहिलं पान लावलं आणि 'शाळा सुटते' पर्यंत येऊन थांबले.

"आमची मार्गशीर्षात आटली," ते म्हणाले.

मग त्यांनी उरलेली अक्षरं मारली, घंटी वाजली, दांडा ओढून ओळ बदलली.

"मी टायपिंगच्या क्लासला गेलो."

ही दोन वाक्यं मी ऐकली, पण मला माझ्या प्रबंधाची घाई होती. त्यांच्यामधे काय होतं ते मी विचारलं नाही.

द्यायच्या दिवशी सकाळी शेवटचं पान राहिलं होतं, ऋणनिर्देश. हे पान प्रत्येक मुलगा आदल्या वर्षीच्या मुलाचं बघून लिहितो. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील आणि तळाला 'सुबक टंकलेखनाबद्दल अमुक यांचा मी ऋणी आहे.' मीही तसंच लिहिलं, पण मनापासून लिहिलं, कारण मागचं बोलणं मला टोचत होतं. तासाभरानं पान हातात आलं. सगळ्यांची नावं होती. 'सुबक टंकलेखनाबद्दल' याच्यापुढे पांढरी पट्टी होती आणि मग 'यांचा मी ऋणी आहे.'

"अण्णा, हे काय? तुमचं नाव राहिलं."

"पटलं न्हाय. जागा सोडलीया."

वाद घालायला वेळ नव्हता. बाइंडिंगवाला दुकान बंद करून जेवायला निघाला होता. मी तसाच धावलो आणि प्रबंध तसाच दिला. मला वाटलं, 'तुम्ही टायपिस्ट आहात' हे अण्णांनी मनात धरलंय. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ती मोकळी जागा दाखवून विचारलं, "इथं कोण?" मी म्हणालो, "टायपिस्ट." ते हसले आणि त्यांनी पान उलटलं. म्हशीच्या अडीच ओळींवर मात्र ते पाऊण तास बोलत होते. मी पास झालो, नोकरी लागली, वडिलांची पेठेत लाज राहिली.

पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लोगल्ली कॉम्प्युटर आले. मीही माझे कागद तिकडेच टाइप करून घ्यायला लागलो, आणि वाटेत बिंदू चौक लागला की पलीकडच्या बाजूनं जायला लागलो. एकदा अण्णांनीच रस्त्यात गाठलं. नव्या यंत्रावर त्यांचा मोठा राग होता. "त्याच्यावर जागा ऱ्हात न्हाय रं," ते रस्त्यावर ओरडत होते. "एक वाक्य काढलं की खालचं सगळं वर सरकतंय. खोटं कुटं हुतं त्येचा पत्ताच लागत न्हाय!" येणारे-जाणारे वळून बघायला लागले. मी घाईत आहे असं सांगून सटकलो.

दोन हजार पाच साली मी पर्मनंट होऊन त्याच कॉलेजात आलो, जिथं मी शिकलो होतो. ग्रंथालयातले जुने प्रबंध रद्दीत काढायचे ठरले आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे बघायचं काम नवा माणूस म्हणून माझ्या गळ्यात पडलं. सुट्टीतल्या एका दुपारी मी धूळ झटकत बसलो होतो. एक प्रबंध उघडला तर 'क' मान वर करून उभा. दुसरा उघडला, तिथंही तोच. सहज म्हणून ऋणनिर्देशाचं पान काढलं. 'सुबक टंकलेखनाबद्दल', मग मोकळी जागा, मग 'यांचा मी ऋणी आहे.' मी पुढचा काढला. त्याच्यापुढचा काढला. अण्णांच्या मशीनवरचे एकवीस प्रबंध निघाले आणि एकविसांतही ती जागा मोकळी होती.

म्हणजे माझ्यावरचा राग नव्हता तर. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच दुसरं काही लक्षात आलं. टेबलावर फूटपट्टी होती. मी मोजून बघितलं. सगळ्या जागा अगदी सारख्या होत्या. मी नुसतं 'अण्णा' लिहिलं होतं, दुसऱ्यांनी आणखी काही, तरी जागा एकाच मापाची; म्हणजे अण्णांना सगळीकडे एकच पूर्ण नाव हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बोळातल्या खोलीवर गेलो. इंग्रजी मशीन विकलेलं होतं, मराठी मशीनवर फडकं टाकलेलं होतं. अण्णा एकटेच बाकड्यावर, गिऱ्हाइकाच्या जागेवर बसले होते.

"अण्णा, खरं गावलंय," मी म्हणालो. "भरायला चला."

आधी नाही म्हणाले. "ग्रंथालयात मी कशाला? माझ्याकडं कार्ड न्हाय." मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशात दोन पेन्सिली होत्याच. ग्रंथालयाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्या. एकवीस प्रबंध मी टेबलावर ओळीनं मांडून ठेवले होते. ते त्यांच्यावरून हात फिरवत गेले आणि प्रत्येकाचं नाव न बघता सांगत गेले. हा शिंदेचा. ही पाटलाची पोरगी, तक्ते लई सुरेख हुते हिचे. हा स्मशानवाला.

"ह्याच कालेजात एक टर्म हुतो मी," ते म्हणाले. "फी भरलेली. लायब्ररीचं कार्ड मिळायचं हुतं, त्याच्या आत म्हस आटली. आईची एकच म्हस. म्हटलं, याली की परत येऊया."

हौसाबाईचं वाक्य मला आठवलं. मार्गशीर्षात आटली आणि टायपिंगच्या क्लासला गेलो, या दोन वाक्यांमधली जागा आठ वर्षांनी माझ्यापुढे भरली गेली. मला स्वतःची लाज वाटली. ज्या माणसानं मला म्हैस शिकवली त्याला मी 'तुम्ही टायपिस्ट आहात' म्हणून सांगितलं होतं.

मी माझा प्रबंध उघडला आणि पेन काढलं. अण्णांच्याच सवयीनं आधी अक्षरं मोजली. 'श्री. आनंदराव कांबळे.' परत मोजली. जागा उरत होती.

"अण्णा, तुमची जागा कधी चुकत नाही. ही चुकलीय. नाव घातलं तरी बरीच उरते."

"चुकली न्हाय. 'श्री' काढ. आणि आदी तानूबाई घाल. आईचं नाव. तिनं म्हस पाळली म्हणून मला लिवाय-वाचाय तरी आलं."

मी मोजलं. 'तानूबाई व आनंदराव कांबळे.' एकही अक्षर कमी नाही, एकही जास्त नाही.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगिटलं की. प्रत्येकाला सांगिटलं, जागा सोडलीया, खरं गावलं की घिऊन या." ते खिडकीबाहेर बघत होते. "बाकीच्या जागांसाठी पोरं धा-धा येळा आली. ह्या जागेसाठी कोण परत आलं न्हाय. प्रबंध झालेला असायचा की त्यांचा."

मी खाली बघून लिहायला लागलो. अक्षर जपून काढलं. लिहून झाल्यावर बाकीचे वीस प्रबंध जवळ ओढले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"ते न्हाय. दुसऱ्याच्या प्रबंधात आपण लिवायचं नसतंय. ज्येची जागा त्येनं भरायची. फकस्त रद्दीत घालू नगंस."

त्यांनी माझा प्रबंध आपल्याकडे वळवून घेतला. चष्मा पुसून लावला. खिशातली पेन्सिल काढली आणि नाव एकेक अक्षर मोजलं, आईचं आणि मग स्वतःचं. पेन्सिल परत खिशात ठेवली.

"पटलं," अण्णा म्हणाले.